वाचक विचारतात : टिनटिनला नेमके किती मार्क मिळाले?

मागच्या अंकात मुलांसोबत पाहण्याजोग्या साहसी ॲनिमेशनपटांच्या यादीत आम्ही बेल्जियन चित्रकथांमधल्या टिनटिन या तरुण बातमीदारावरचा, स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 2011 सालचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ टिनटिन’ घातला आणि पत्रं येऊ लागली. निम्म्यांची तक्रार, एवढ्या चांगल्या सिनेमाला समीक्षकांनी झोडपलं का? उरलेल्यांची, एवढा झोडपलेला सिनेमा तुमच्या यादीत आलाच कसा? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (मिरज) : सिनेमा घरात सगळ्यांना आवडला. नंतर ‘रॉटन टोमॅटोज’वर पाहिलं तर 74 टक्के, ‘मेटाक्रिटिक’वर 68. एकाच सिनेमाचे दोन आकडे कसे? आणि 74 म्हणजे डिस्टिंक्शन एका मार्काने हुकलं, असं समजायचं का?

तसं समजू नका. ही दोन्ही संकेतस्थळं समीक्षकांची परीक्षणं गोळा करून त्यांवरून आकडा काढतात. रॉटन टोमॅटोजचे 74 हे मार्क नव्हेत, ती मतमोजणी आहे. शंभर समीक्षकांना एका खोलीत बसवून ‘सिनेमा पाहावा असं कोणाला वाटतं, हात वर करा’ म्हटलं, तर साधारण 74 हात वर होतील, एवढाच त्याचा अर्थ. वर झालेला हात उत्साहाने वर गेला की ‘बरं, चालेल’ म्हणत, याची नोंद त्या टक्क्यात नसते.

कागदावर करून बघा. एका सिनेमाची दहा परीक्षणं आली आणि दहाही जणांनी 10 पैकी 6 दिले. हात दहाही वर, म्हणजे 100 टक्के. दुसऱ्या सिनेमाला सात जणांनी 9 दिले आणि तिघांनी 3. टक्के 70, पण सरासरी 7.2. पहिला कोणाच्या लक्षातही राहणार नाही, दुसऱ्यावरून भांडणं होतील. टिनटिन या दुसऱ्या जातीचा सिनेमा आहे. म्हणून टक्क्याबरोबरच 10 पैकी सरासरीही बघायची सवय लावा.

मेटाक्रिटिकची पद्धत वेगळी. तिथे प्रत्येक परीक्षणाला 0 ते 100 मध्ये गुण देतात, नामांकित प्रकाशनांना जास्त वजन देतात आणि मग सरासरी काढतात. सिनेमांसाठी 61 पासून वर हिरवा रंग, 40 ते 60 पिवळा, त्याखाली लाल. 68 हिरव्यात बसतो, म्हणजे ‘एकूण मत अनुकूल’.

गोंधळ होतो तो ताऱ्यांमुळे. अमेरिकेतले बरेच समीक्षक 4 पैकी तारे देतात, ब्रिटनमधले 5 पैकी. दोघांनीही ‘तीन तारे’ दिले तर एकाचे 75 होतात, दुसऱ्याचे 60. ज्यांनी तारेच दिले नाहीत, त्यांच्या मजकुरावरून मेटाक्रिटिकचे संपादक आकडा ठरवतात, आणि उपरोधाने लिहिणाऱ्याचं परीक्षण आकड्यात बसवणं किती अवघड, ते तुम्हीच ताडा. आणखी एक गोष्ट म्हणजे परीक्षणं एकूण किती आहेत ते आधी मोजा. 20 परीक्षणांत एक मत फिरलं तर टक्का 5 ने हलतो, 200 असतील तर अर्ध्याने. टिनटिनच्या बाबतीत ती दोनशेहून जास्त आहेत, तेव्हा आकडा भक्कम आहे. त्याचा अर्थ तेवढा भक्कम नाही, ही वेगळी गोष्ट.

प्रश्न (पुणे) : टिनटिनच्या चेहऱ्याकडे पाहताना काहीतरी खुपतं. त्याचा दोस्त कॅप्टन हॅडॉक याच्याकडे पाहताना खुपत नाही. दोष आमच्या नजरेचा की सिनेमाचा?

तुमची नजर तरबेज आहे, म्हणूनच खुपतं. माणसाचा चेहरा वाचण्याचा सराव आपल्याला तान्हेपणापासून असतो. तोक्योमधले यंत्रमानवशास्त्राचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी 1970 साली हे मांडलं. बाहुली माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला जवळची वाटू लागते. पण जवळजवळ माणूस, तरी पूर्ण माणूस नाही, अशा टप्प्यावर ती आली की आपुलकी एकदम खाली कोसळते आणि अंगावर शिरशिरी येते. आलेखातल्या या खड्ड्याला ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात. 2011 मध्ये टिनटिनवर लिहिणाऱ्या असंख्य समीक्षकांनी हाच शब्द वापरला.

त्यामागे पूर्वग्रहही होता. रॉबर्ट झेमेकिस यांच्या ‘द पोलर एक्सप्रेस’ (2004) आणि ‘बेओवुल्फ’ (2007) या सिनेमांतल्या निर्जीव डोळ्यांवर भरपूर टीका झाली होती. 2011 च्या मार्चमध्ये त्यांच्याच निर्मितीतला ‘मार्स नीड्स मॉम्स’ सपाटून आपटला. जवळपास 15 कोटी डॉलर खर्च आणि जगभरातली कमाई 4 कोटीच्या आत. त्यामुळे ऑक्टोबरात मोशन कॅप्चरचा, म्हणजे खऱ्या नटांच्या हालचाली टिपून केलेला, आणखी एक सिनेमा आला, तेव्हा समीक्षक हत्यारं परजूनच बसले होते.

आता तंत्र. नट अंगाला चिकटणारा पोशाख घालतात, त्यावर चकाकणारे ठिपके असतात. भोवताली लावलेले कॅमेरे या ठिपक्यांची जागा क्षणोक्षणी टिपतात आणि संगणकात हाडांचा सांगाडा हलू लागतो. चेहऱ्यासाठी डोक्यावरच्या शिरस्त्राणाला तोंडासमोर एक छोटा कॅमेरा लावलेला असतो. टिनटिनचं हे चित्रण सुमारे महिनाभरात उरकलं. पुढचं काम न्यूझीलंडच्या ‘वेटा डिजिटल’ या स्टुडिओत कितीतरी जास्त काळ चाललं. खरी मेख या दुसऱ्या टप्प्यात आहे. ठिपके हाडं सांगतात, कातडी सांगत नाहीत. ओठ दाबल्यावर कडेला जमणारी किंचित घडी, बुबुळावरचा ओलावा, एका जागी बघतानाही डोळ्यांची होत राहणारी बारीक चुळबूळ, कातडीत शिरून पुन्हा बाहेर येणारा प्रकाश, हे सगळं ॲनिमेटरला नंतर भरावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी चेहरा मेणाचा वाटतो.

वेटाच्या मंडळींनी हे सगळं कसून भरलं, तरी टिनटिन खुपतो. याचं कारण आमच्या मते मूळ चित्रात आहे. टिनटिनचे जनक चित्रकार हर्जे (जॉर्ज रेमी) यांनी 1929 पासून रंगवलेला टिनटिन म्हणजे एक वाटोळा चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, बटणाएवढं नाक आणि वर केसांचा तुरा. उरलेला चेहरा वाचणारा स्वतःच भरतो, म्हणून तो कुठल्याही देशातल्या मुलाला आपला वाटतो. सिनेमाने त्या चेहऱ्याला रंध्रं दिली, पापण्यांचे केस दिले. भरायला काही शिल्लकच ठेवलं नाही. हॅडॉकचं तसं नाही. भलंमोठं नाक, दाढीचं जंगल, सारखं वाकडंतिकडं होणारं तोंड. तो मुळातच व्यंगचित्र आहे आणि कातडी खरी केली तरी व्यंगचित्रच राहतो. शिवाय आत अँडी सर्किस आहेत, आणि या तंत्रातल्या अभिनयात त्यांचा हात धरणारा मिळणं कठीण.

टिनटिनच्या स्नोई कुत्र्याबद्दल मात्र फारशी कुरकुर झाली नाही. त्याला ठिपके लावलेच नव्हते. ॲनिमेटरांनी त्याच्या हालचाली हाताने, एकेक मुद्रा घडवत केल्या.

प्रश्न (सोलापूर) : मग आपल्याकडचा ‘कोचाडैयान’ याच कारणाने पडला का?

कारणांपैकी हे एक नक्कीच. 23 मे 2014 ला आलेला हा तमिळ सिनेमा मोशन कॅप्चरने केलेला होता. रजनीकांत (घरचे मराठी, शिवाजीराव गायकवाड) नायक, त्यांची कन्या सौंदर्या दिग्दर्शक. समीक्षकांनी धाडसाचं आणि ए. आर. रहमान यांच्या संगीताचं कौतुक केलं आणि ॲनिमेशनवर बोट ठेवलं. वर सांगितलेला दुसरा टप्पा इथे आखडता झाला. आणि चेहरा कोणाचा, तर कोट्यवधी लोकांना पाठ असलेला. अनोळखी चेहऱ्यात जी उणीव खपून जाते, ती रजनीकांतच्या चेहऱ्यात खपत नाही.

प्रश्न (बेळगाव) : गोल्डन ग्लोब मिळालं आणि ऑस्करचं साधं नामांकनही नाही, हे कसं? आमच्या मित्रमंडळात पैज लागली आहे. एकाचं म्हणणं, तो अपात्र ठरवला होता.

अपात्र म्हणणाऱ्याने पैज हरली. त्या वर्षी ॲनिमेशनपटांच्या विभागात 18 सिनेमे दाखल झाले होते, त्यांत टिनटिन होता. नामांकनं पाच झाली : ‘रँगो’, ‘कुंग फू पांडा 2’, ‘पुस इन बूट्स’, ‘अ कॅट इन पॅरिस’ आणि ‘चिको अँड रीटा’. रँगो जिंकला. टिनटिनला नामांकन मिळालं ते फक्त जॉन विल्यम्स यांच्या संगीतासाठी.

तरी तुमच्या मित्राने ऐकलं ते अगदीच वावगं नाही. 2010 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने नियमात एक वाक्य घातलं, की मोशन कॅप्चर हे स्वतःहून ॲनिमेशनचं तंत्र मानलं जाणार नाही. दार बंद केलं नाही, पण उंबरठा उंच केला. त्याआधी काय होतं बघा. 2006 च्या सिनेमांत ‘हॅपी फीट’ला हेच ऑस्कर मिळालं आणि त्यातल्या पेंग्विनचा नाच मोशन कॅप्चरने घेतला होता. त्याच वर्षी ‘मॉन्स्टर हाउस’लाही नामांकन होतं, तोही मोशन कॅप्चरचाच. ॲनिमेटर मंडळींत यावरून धुसफूस सुरू झाली. पुढच्याच वर्षी पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओच्या ‘रॅटाटुई’च्या शेवटच्या श्रेयनामावलीत एक टोमणा आला : हे शंभर टक्के अस्सल ॲनिमेशन आहे, मोशन कॅप्चर वा अभिनयाची दुसरी कुठलीही पळवाट वापरलेली नाही. तुपाच्या डब्यावर असते तशी हमी!

गोल्डन ग्लोबचे मतदार त्या वेळी शंभराहूनही कमी परदेशी पत्रकार होते. नटाने ठिपके लावले होते की चित्रकाराने पेन्सिल चालवली होती, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ऑस्करची नामांकनं त्या वेळी ठरवणाऱ्या समितीत ॲनिमेशन करणारे लोक मोठ्या संख्येने असत. पुरस्कार एकाच विभागाचा असला तरी परीक्षक दोन निरनिराळ्या गावचे. ग्लोबचा हा विभाग सुरू झाल्यापासूनची पाचही वर्षं पिक्सारने जिंकली होती. ती साखळी 2012 च्या जानेवारीत टिनटिनने तोडली.

प्रश्न (फोंडा, गोवा) : लहानपणापासून टिनटिनची पुस्तकं पाठ आहेत. सिनेमात कथा पार बदलली आहे. समीक्षकांना हे दिसलं नाही का?

ज्यांनी पुस्तकं वाचली होती त्यांना दिसलं आणि ते भडकले. सर्वात जहाल लेखन ब्रिटनच्या ‘द गार्डियन’मध्ये आलं. तिथल्या हर्जेभक्तांनी सिनेमाला विटंबनेच्या जवळ नेऊन ठेवलं. अमेरिकेत टिनटिन फारसा वाचला जात नाही, त्यामुळे तिथल्या बहुतेकांना हा प्रश्न पडलाच नाही. रॉजर ईबर्ट यांनी 4 पैकी साडेतीन तारे दिले आणि त्यांना एरवी न आवडणाऱ्या थ्रीडीचीही इथे तारीफ केली.

नेमकं काय बदललं? सिनेमा तीन पुस्तकांतून शिवला आहे : ‘द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज’, ‘द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न’ आणि ‘रेड रॅकहॅम्स ट्रेझर’. पहिल्यातून हॅडॉकची ओळख आणि वाळवंट आलं, दुसऱ्यातून जहाजाच्या तीन प्रतिकृती आणि तीन चिठ्ठ्या, तिसऱ्यातून जेमतेम शेवट. दुसऱ्या पुस्तकातले खलनायक म्हणजे बर्ड बंधू. साखरीन तिथे निरुपद्रवी संग्राहक आहे. सिनेमाने त्यालाच मुख्य खलनायक करून रेड रॅकहॅम या समुद्री चाच्याचा वंशज ठरवलं. प्राध्यापक कॅलक्युलस तर सिनेमात नाहीच.

पटकथेच्या दृष्टीने आम्हाला हे पटतं. हॅडॉकच्या पूर्वजाचा शत्रू आणि आजचा शत्रू एकाच रक्ताचे झाले की दोन काळ एका दोरीने बांधले जातात. वाळवंटात तहानेने भ्रमिष्ट झालेला हॅडॉक पूर्वजांची लढाई सांगतो आणि वाळूच्या टेकड्यांवर समुद्र चढून येतो, तो प्रसंग याच बांधणीवर उभा आहे आणि टीकाकारांनीही तो वाखाणला. पण साखरीनचं रूपांतर केल्यामुळे हर्जेची शांत, कोडं सोडवण्याची गंमत गेली. पुस्तकात टिनटिन विचार करतो, सिनेमात तो पळतो. ही तुमची तक्रार असेल तर आम्ही तुमच्या बाजूने आहोत.

प्रश्न (ठाणे) : चालला की पडला, एका वाक्यात सांगा.

चालला, पण हवा तेवढा नाही. खर्च सुमारे 13.5 कोटी डॉलर, जगभरातली तिकीटविक्री सुमारे 37.4 कोटी. ढोबळ हिशेब असा, की तिकिटाच्या पैशातला साधारण अर्धा चित्रपटगृहांकडे जातो. उरले 18-19 कोटी, त्यातून जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणजे बुडाला नाही, पण दुसऱ्या भागाची घाई व्हावी इतकंही हाती राहिलं नाही. पीटर जॅक्सन दिग्दर्शित करणार होते तो पुढचा भाग अजून आलेला नाही. (एका वाक्यात सांगायचं होतं, माफ करा.)

प्रश्न (न्यू जर्सी) : भारतातल्या भाचरांनी आमच्याआधी महिनाभर हा सिनेमा पाहिला होता. हॉलिवूडचा सिनेमा अमेरिकेतच उशिरा का?

कारण टिनटिन मुळात युरोपचा. ब्रसेल्समध्ये 22 ऑक्टोबर 2011 ला पहिला खेळ झाला, त्याच आठवड्यात ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम. भारतात 11 नोव्हेंबर, अमेरिकेत थेट 21 डिसेंबर. आधी जिथे नाव ठाऊक आहे तिथे गर्दी जमवायची आणि तो बोलबाला घेऊन अमेरिकेत उतरायचं, असा बेत. पण बोलबाल्याबरोबर ब्रिटिश टीकाही आधी पोचली. वर नाताळची झुंबड, त्यात ‘मिशन इम्पॉसिबल’चा नवा भाग, आणि चारच दिवसांनी स्पीलबर्ग यांचाच ‘वॉर हॉर्स’. एकूण विक्रीतला जेमतेम पाचवा हिस्सा अमेरिका-कॅनडातून आला.

गंमत अशी, की स्पीलबर्ग यांना टिनटिन सापडला तोही एका समीक्षकामुळेच. 1981 मध्ये ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’च्या एका फ्रेंच परीक्षणात टिनटिनशी तुलना होती. हे कोण, म्हणून त्यांनी पुस्तकं मागवली.

प्रश्न (नागपूर) : शाळेत फिल्म क्लब चालवते. आठवी-नववीची 40 मुलं आहेत. टिनटिन दाखवून परीक्षण लिहून घ्यायचं आहे. मुलं ‘छान होता’च्या पुढे जात नाहीत. काय करू?

सिनेमा 107 मिनिटांचा आहे, दोन बैठकांत दाखवा. पहिल्या वेळी काहीच सांगू नका, वह्याही नकोत. वही हातात असली की मुलं सिनेमा पाहायचं सोडून उत्तर शोधत बसतात.

सिनेमा पूर्ण झाल्यावर दुसऱ्या दिवशी फक्त चार तुकडे पुन्हा दाखवा. सुरुवातीला बाजारातला चित्रकार टिनटिनचं चित्र काढतो, तिथे थांबवा. चित्रकार दिसायला हर्जे आहे आणि कागदावर उमटतो तो पुस्तकातला टिनटिन. शेजारी सिनेमातला टिनटिन उभा. दोन्हींतले फरक मुलांना लिहू द्या, किमान पाच. ‘अनकॅनी व्हॅली’ हा शब्द मात्र आधी सांगू नका, नाहीतर चाळीस वह्यांत तोच येईल.

दुसरा तुकडा वाळवंट आणि समुद्राचा. एका काळातून दुसऱ्या काळात जाताना पडद्यावरची कुठली वस्तू पूल होते, ते शोधायला सांगा.

तिसरा तुकडा बग्गार शहरातल्या पाठलागाचा. आधी आवाज बंद करून दाखवा आणि प्रत्येक कटला टाळी वाजवायला सांगा. टाळी वाजणारच नाही, कारण सुमारे अडीच मिनिटांचा तो पाठलाग एकाच सलग शॉटमध्ये आहे. धरण फुटतं, मोटरसायकलचे तुकडे होतात, अख्खं हॉटेल उतारावरून घसरत येतं, ससाणा चिठ्ठ्या घेऊन उडतो आणि कॅमेरा या सगळ्यांमागे. मग विचारा : भीती वाटली का? काही समीक्षकांनी या प्रसंगाला डोक्यावर घेतलं, काहींना तो वजनहीन वाटला. कॅमेरा भिंतीतूनही जाऊ शकतो हे एकदा कळलं की टिनटिनला काही होणार नाही हेही कळतं. वर्गात यावर दोन तट पडले तर पडू द्या, त्यासाठीच तर क्लब आहे.

चौथा तुकडा स्नोईचा कुठलाही चालेल, तो टिनटिनइतका खुपतो का ते विचारा.

परीक्षण 150 शब्दांचं. अट एकच : प्रत्येक मतामागे एक दृश्य. ‘छान’, ‘भारी’, ‘बोअर’ या शब्दांवर बंदी. पहिल्या वाक्यात कथा सांगायला मनाई, कारण मुलं एकदा कथेत शिरली की 150 शब्द तिथेच संपतात. खाली 10 पैकी गुण.

शेवटी मिरजेच्या वाचकांना सांगितलेला हिशेब फळ्यावर करा. किती जणांनी 6 किंवा जास्त दिले त्याचा टक्का, आणि शेजारी सर्वांची सरासरी. गुण आधी कागदावर लिहून घडी घालून गोळा करा. हात वर करायला सांगितले तर पहिल्या बाकावरचे दोन हात बघून मागचे तीस हात वर जातात.